चाकांवरचं घर आखताना: फक्कीपासून वजनकाट्यापर्यंत

आमची शेती दोन ठिकाणी आहे. अंबडजवळ मोसंबीची बाग, आणि गोदाकाठाकडे काळ्या जमिनीचा दुसरा तुकडा. दोन्हीकडे घर बांधणं परवडत नव्हतं आणि एका ठिकाणी राहून दुसऱ्याकडे लक्ष देणं जमत नव्हतं. म्हणून ट्रेलरवर वीस फूट लांब, आठ फूट रुंद घर करायचं ठरवलं. मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) असे चौघं आम्ही त्यात राहतो.

बाहेरच्या देशांतले फोटो बघून मी पहिला नकाशा काढला. दिसायला फार सुंदर होता. मराठवाड्यात मे महिन्यात त्यात माणूस राहू शकला नसता. दुसरा नकाशा वेल्डिंगपर्यंत गेला आणि तिथे चुकला. आता राहतो ते घर तिसऱ्या आखणीचं. तुम्हाला पहिल्याच खेपेला जमावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

लागणारं साहित्य

मोठा टेप, सुतळी, खुंट्या, ओळंबा, स्पिरिट लेव्हल, आलेखाच्या कागदाची वही (एक सेंटीमीटर म्हणजे एक फूट हे माप सोपं पडतं), फक्कीची एक पिशवी, पंधरा-वीस विटा आणि वजनं लिहायला वेगळी वही. ही वजनाची वही विसरू नका. नकाशाइतकीच तीही महत्त्वाची आहे.

कागदपत्रं

चेसीचं (म्हणजे चाकांसकट खालच्या सांगाड्याचं) बिल आणि बनवणाऱ्याचं प्रमाणपत्र, मापं टाकलेला नकाशा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, विमा, आणि घर जिथे उभं करणार त्या जमिनीचा सातबारा. एकेका कागदाच्या दोन-दोन प्रती ठेवा.

१. वेल्डरच्या आधी आरटीओ

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही वाहनच आहे. कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय ते रस्त्यावर आणता येत नाही, आणि कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या वाहनात मनाने फेरफार करता येत नाहीत. म्हणजे शेतीच्या नावावर पासिंग झालेली जुनी ट्रॉली घेऊन तिच्यावर खोली चढवली, की अडचण तुमच्या दारात आलीच. गावात कोणी कितीही सांगो, "काही होत नाही, आपल्याकडं कोण बघतंय", या वाक्यावर घर उभं करू नका.

नकाशा घेऊन आपल्या जिल्ह्याच्या आरटीओ कार्यालयात जा. कशाने ओढणार, रिकामं आणि भरलेलं वजन किती, चेसी कुणाची, हे प्रश्न आधीच विचारा आणि मिळेल ते उत्तर लेखी घ्या. मला पहिला उपयुक्त सल्ला तिथेच मिळाला: चेसी मान्यताप्राप्त बनवणाऱ्याकडून घ्या आणि वर काय बसणार आहे ते त्याला आधी सांगा. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, पण ते पर्यटनासाठी. आपलं राहतं घर त्यात आपोआप बसेल असं धरून चालू नका.

आखणीची पहिली रेघ इथेच पडते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ९३ प्रमाणे वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे साधारण साडेआठ फूट. त्यात खिडकीचा छज्जा, बिजागऱ्या, बाहेर आलेला पाईप सगळं आलं. मी बाहेरून आठ फूटच धरले. तीन-तीन इंचांच्या भिंती वजा जाता आत साडेसात फूट रुंदी आणि साडेएकोणीस फूट लांबी उरते. उंची जमिनीपासून अकरा फुटांच्या आत ठेवली. नियमापेक्षा मला भीती होती शेतरस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारांची आणि बाभळीच्या फांद्यांची. ज्या रस्त्याने घर जाणार तो रस्ता एकदा पायी चालून बघा. सर्वांत खाली आलेली तार कुठे आहे ते लिहून ठेवा. तारेला काठी लावून उंची मोजायला मात्र जाऊ नका, ते काम लाईनमनला सांगा.

२. उन्हाकडे बघून घराचं तोंड ठरवा

चाकांच्या घराची मोठी सोय ही, की ते हवं त्या दिशेला उभं करता येतं. पण उभं कसं करणार हे नकाशा काढतानाच ठरलं पाहिजे, कारण दार-खिडक्या एकदा कापल्या की त्या सरकत नाहीत.

मराठवाड्यात मे महिन्याच्या मध्याला दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या वेळी ऊन भिंतींवर कमी आणि छतावर जास्त पडतं. दुपारनंतर मात्र पश्चिमेची भिंत भाजून निघते. म्हणून लांब भिंती उत्तर-दक्षिणेला आणि आखूड भिंती पूर्व-पश्चिमेला ठेवा. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, त्यामुळे दार डाव्या बाजूला असलेलं बरं, म्हणजे वाटेत थांबलो तर माणूस रहदारीत उतरत नाही. आता हे जुळवून बघा: ट्रेलरचं हुकाचं, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायचं, टोक पूर्वेला केलं की डावी बाजू उत्तरेला येते. दार उत्तरेला, सावलीत. मागची आखूड भिंत पश्चिमेला, आणि तिला लागून न्हाणी-संडास. झोपायच्या जागेपर्यंत ऊन पोचायच्या आत मध्ये आठ फुटांचा आडोसा तयार होतो, चार फूट न्हाणीचा आणि चार फूट स्वयंपाकघराचा.

वारा आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बहुतेक पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. दक्षिणेच्या भिंतीला पश्चिमेकडे सरकवून एक खिडकी, उत्तरेच्या भिंतीला पूर्वेकडे सरकवून दुसरी, अशी तिरकी जोडी केली की वारा घराच्या पोटातून जातो. समोरासमोर ठेवल्या तर तो एका पट्ट्यातून निघून जातो आणि बाकी खोली घुसमटते. दक्षिणेच्या खिडकीला घडीचा छज्जा करा, प्रवासात तो भिंतीला चिकटला पाहिजे.

३. पोटमाळ्यावर झोपायचा विचार सोडा

बाहेरच्या नकाशांत झोपायची जागा हमखास वर, छताखाली असते. थंड देशात ते बरोबर आहे, गरम हवा वर चढते आणि तिथे ती हवीच असते. खात्री करायची असेल तर मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या गोठ्यात शिडी लावा आणि छतापासून दोन फुटांवर डोकं नेऊन पाच मिनिटं थांबा. मी थांबले होते. खाली येऊन पोटमाळा खोडला.

आत्यांचं कारण वेगळं होतं. त्यांचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या माहेरीच होत्या. माळवदाची (जाड मातीच्या सपाट छताची) घरं उन्हाळ्यात किती गार असायची हे त्या आजही सांगतात, आणि त्याच दगडमातीच्या भिंती आणि धाब्याचा भार माणसांवर कसा आला हेही सांगतात. "डोक्यावर वज्जं नको बाई," एवढंच त्या म्हणाल्या. वर मी फक्त गोधड्या आणि रिकाम्या सूटकेससाठी दीड फुटाचं फडताळ ठेवलं, तेही न्हाणीच्या वर.

माळवदाची जाडी आपल्याला चाकांवर नेता येत नाही, पण सावली नेता येते. छताला पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेला), आणि त्याच्यावर चार-सहा इंच मोकळी जागा सोडून सोलरचे पॅनल. ऊन पॅनलवर अडतं, मधून वारा खेळतो, खालचं छत तापत नाही. हे अंतर उंचीत धरायला विसरू नका.

४. अंगणात फक्की मारून तीन दिवस राहा

कागदावर सगळं मावतं, खरी परीक्षा अंगणात होते. आतली मापं घेऊन जमिनीवर फक्कीने पूर्ण आकाराचं घर आखा. भिंतीच्या जागी विटा मांडा, ओट्याच्या जागी टेबल, दिवाणाच्या जागी बाज. मग घरातल्या सगळ्यांनी त्या चौकटीत तीन दिवस काढा. रेघ ओलांडायची नाही, ओलांडली की लिहून ठेवायचं.

आमच्या चौकटीत पहिल्या तासातच आत्यांनी विचारलं, "आगं, परात कुठं ठिवायची?" मी गॅसच्या शेजारी एक फूट जागा सोडली होती. भाकरी थापायला परातीला दोन फूट बाय दोन फूट मोकळी जागा लागते, शिवाय थापताना कोपर फिरलं पाहिजे. विकतच्या नकाशांमध्ये ही जागा कधीच नसते, कारण काढणाऱ्याने कधी भाकरी थापलेली नसते. तुमच्या घरात जे रोज होतं ते चौकटीत खरोखर करून बघा: दळण ठेवा, पाहुणे बोलवा, मुलाला अभ्यासाला बसवा, एकाने स्वयंपाक करत असताना दुसऱ्याने मागून बादली घेऊन जा.

तीन दिवसांनंतर आमची वाटणी अशी ठरली. पूर्वेकडून, म्हणजे हुकाच्या टोकापासून:

- साडेसहा फूट: दिवाण. रात्री दोघींना, दिवसा बैठक. खाली कप्पे.
- पाच फूट: मोकळी जागा. इथेच दार. पंगत इथे, रात्री उरलेल्या दोघांची गादी इथे.
- चार फूट: स्वयंपाक. दक्षिणेला दोन फूट खोल ओटा, उत्तरेला सव्वा फूट खोल कपाट आणि माठ. मधून सव्वाचार फूट वाट.
- चार फूट: न्हाणी आणि संडास.

जेवणाचं टेबल काढून टाकलं. आपण सतरंजी अंथरून बसतो, मग साडेसात फूट रुंद घरात टेबलाला जागा कशाला द्यायची? त्या जागेमुळेच मोकळे पाच फूट मिळाले. भिंतीच्या फ्रेममधल्या पोकळीत जुन्या वाड्यातल्यासारख्या देवळ्या काढल्या: देव, औषधं, चष्मे, मोबाइल. कपाट पुढे येतं आणि वाट खातं, देवळी आत जाते. छोट्या घराला इतकी उपयोगी दुसरी गोष्ट मला सापडलेली नाही. आतून लाकडी चौकट आणि पाठीमागे इन्सुलेशनची पट्टी हवी, नाहीतर तेवढा तुकडा तापतो.

माठ उत्तरेच्या भिंतीशी, वाऱ्याच्या वाटेत ठेवा. प्रवासात तो रिकामा करून दिवाणावर, गोधडीत.

५. वजन: वही इथे लागते

माझी दुसरी आखणी इथे फसली. नळकाम सोपं पडावं म्हणून मी पाचशे लिटरची टाकी मागे, न्हाणीच्या खाली टाकली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे अर्धा टन एकदम शेपटीला. पहिल्याच फेरीत हूक वर उचलला जायला लागला आणि चढावर ट्रॅक्टरची मागची चाकं घसरायला लागली. नवऱ्याने तिथेच गाडी लावली, आम्ही टाकी रिकामी केली आणि मगच पुढे गेलो. ट्रेलरला शेपूट जड झालं की तो ओढणाऱ्यालाच हलवतो, आणि वेगात गेलात तर डुलायला लागतो.

नियम सोपा आहे. ॲक्सल (चाकांना जोडणारा आडवा दांडा) मध्याच्या थोडा मागे असलेल्या ट्रेलरला एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यायला हवा. (पुढे टर्नटेबल असलेल्या चार चाकी ट्रॉलीला हे लागू नाही, तिथे पुढचा-मागचा भार चेसीवाल्याला विचारा.) हुकाला किती भार सोसतो ते चेसीच्या आणि ओढणाऱ्या वाहनाच्या कागदावर बघा. म्हणून जड वस्तू ॲक्सलवर किंवा त्याच्या थोड्या पुढे, हलक्या मागे. आमची टाकी आता तीनशे लिटरची आहे, ॲक्सलजवळ, घराच्या तळाखाली बसवलेली, आणि प्रवासात ती रिकामी असते. बॅटरी, ज्वारीची पोती, पुस्तकं दिवाणाखाली. न्हाणीच्या भिंती हलक्या पॅनलच्या.

वहीत प्रत्येक वस्तूपुढे तिचं वजन आणि ती कुठे बसणार ते लिहा. अंदाजाला काही आकडे देते. ४० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाईप मीटरला साधारण २.४ किलो. पन्नास मिलिमीटरचं पफ पॅनल चौरस मीटरला दहा-बारा किलो. घरगुती गॅसच्या भरलेल्या टाकीत १४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड, म्हणजे तीस किलो धरा. डावं-उजवंही जुळवा: ओटा, शेगडी, फ्रीज सगळं दक्षिणेला गेलं तर समोर काहीतरी जड हवं. आमच्याकडे तिथे कपाट आणि डबे आहेत.

६. पाणी आणि संडास

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ज्या भागाने ते पाहिलं, तिथे घराची आखणी पाणी वाचवूनच करावी लागते. छतावर टाकी नकोच. वजन उंचावर जातं, आणि दुपारी नळाला हात लावता येत नाही असं पाणी येतं. टाकी खाली, छोटा पंप, आणि ओटा व न्हाणी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, म्हणजे पाईप आखूड. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी साठवू नका. जाळी लावून ते सरळ नळीने बाहेर, शेवग्याच्या किंवा केळीच्या आळ्यात.

संडासावरून आमच्याकडे दोन दिवस बोलणं चाललं. स्वयंपाकाच्या शेजारी संडास आत्यांना मान्य नव्हता आणि त्यांचं म्हणणं मला पटत होतं. पण त्यांचे गुडघे दुखतात, रात्री चार पायऱ्या उतरून मागे जाणं हेही बरोबर नाही. शेवटी संडासाचं मुख्य दार पश्चिमेला बाहेरून काढलं आणि न्हाणीतून एक अरुंद दार ठेवलं, ते फक्त रात्री आणि पावसात उघडायचं. न्हाणी चार बाय चार, संडास चार बाय सव्वातीन. दोन्ही शेतांवर शोषखड्डे केले आहेत, विहिरीपासून लांब. घर उभं केलं की चार इंची पाईप जोडायचा. तुम्ही सतत नव्या जागी जाणार असाल तर हे जमणार नाही, मग काढता येणाऱ्या टाकीचा संडास बघा.

७. गॅस, वीज आणि साप

गॅसची टाकी घराच्या आत ठेवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. बाहेरून उघडणारी पेटी करा, तळाला भोकं ठेवा, आणि ती बॅटरीजवळ नको. स्वयंपाकघराच्या भिंतीलाही जमिनीलगत जाळी हवी. आग लागून दाराची वाट बंद झाली तर झोपणारा माणूस अडकू नये म्हणून दिवाणाच्या बाजूला दोन फूट बाय दोन फूट, आतून पूर्ण उघडणारी खिडकी ठेवा. तिला गज लावायचेच असतील तर आतून निघणारे लावा.

वीज आम्ही सोलरवर घेतो: अठ्ठावीस वॅटचे दोन पंखे, दिवे, पंप, छोटा फ्रीज. घर लोखंडी आहे, त्यामुळे दोन्ही ठिकाणी अर्थिंगचा रॉड पुरून ठेवला आहे आणि घर टेकवलं की सर्वांत आधी तो जोडतो.

शेतात साप-विंचू असणारच. जमिनीतून पाईप किंवा वायर जिथे आत येते ते प्रत्येक भोक बारीक जाळी घालून बंद करा, आणि पायरी घराला चिकटून नको, चार बोटं अंतर ठेवा.

८. ओसरीला नकाशात जागा द्या

साडेसात फुटांत चौघं राहतात ते ओसरीच्या जिवावर. उत्तरेला दाराबाहेर दहा बाय आठ फुटांचा कापडी मांडव, पाईपच्या खुंट्यांवर, घडी करून दिवाणाखाली मावेल असा. चूल तिथे, रांजण तिथे, उन्हाळ्यात बाजा तिथेच. मांडवाचे हूक फ्रेमला आधीच वेल्ड करून घ्या. पॅनल बसल्यावर वेल्डिंगची ठिणगी पडली तर आतला फोम जळतो.

९. उभं करायची जागा

काळ्या जमिनीत हे सर्वांत महत्त्वाचं. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि जॅक सरळ मातीत टेकवला तर घर एका कोपऱ्यात बसतं. मग दार घासतं, न्हाणीचं पाणी उलटं वाहतं. प्रत्येक जॅकखाली दोन फूट चौरस, दीड फूट खोल माती काढून मुरूम ठोकून भरा आणि वर शहाबादी फरशी ठेवा. चाकांना पुढे-मागे दगडांची अटकाव. मृग लागायच्या आत घर हव्या त्या शेतावर न्या. नंतर गोदाकाठच्या रानातून ते निघत नाही.

१०. वजनकाट्यावर, आणि मग खिळे

फ्रेम आणि भिंती झाल्या की सामान नुसतं दोऱ्यांनी बांधा आणि काट्यावर जा. आधी हूक सोडून पूर्ण ट्रेलर काट्यावर घ्या, हे एकूण वजन. मग हूक जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर, ट्रॅक्टर बाहेर. दोन्हींतला फरक म्हणजे हुकावरचा भार. आमचं एकूण वजन २,८४० किलो आणि चाकांवर २,५१० आलं, हुकावर ३३०. एकूण वजन चेसीच्या प्रमाणपत्रावरच्या मर्यादेत आहे ना, तेही तिथेच ताडून घ्या.

आकडे बसल्यावरही कपाटं लगेच पक्की करू नका. एक उन्हाळा आणि एक पावसाळा ती स्क्रूवरच राहू द्या. आम्ही आषाढात माठ दीड फूट पूर्वेला हलवला आणि पुस्तकांचा कप्पा खालून वर घेतला, कारण पावसात चपला आणि छत्र्या ठेवायला दाराशी जागाच केली नव्हती.